घोडामैदान

आधीच सांगून टाकतो, म्हणजे गैरसमज नको. मी कोल्हापूरचा असूनही शाकाहारी आहे, भांडणात पहिला पळणारा आहे आणि घरात झुरळ निघालं तर बायकोला हाक मारतो. आणि माझ्याकडं एक पिस्तूल आहे.

दचकू नका. छोटंसं आहे, पॉइंट टू टू. कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला पालथं पडून जी रायफल चालवली होती, तिच्यातही .22 चीच गोळी. तेव्हा वाट्याला पाच गोळ्या आल्या होत्या. त्यातल्या दोन माझ्या टार्गेटवर लागल्या, एक शेजारच्याच्या टार्गेटवर, आणि उरलेल्या दोन अजून सापडायच्या आहेत. तरी त्या वासानं आणि त्या आवाजानं काहीतरी डोक्यात बसलं ते बसलंच.

पुढं नोकरी, अमेरिका, डॅलस वगैरे नेहमीचं. एच-वनवर असताना (शिकारीचा परवाना असे काही अपवाद सोडले तर) इथं बंदूक विकत घेता येत नाही. 2011 मध्ये ग्रीन कार्ड आलं. त्याच सुमारास आमच्या टीममधला एक आजोबा, कोबोल कोळून प्यालेला, रिटायर होत होता. घर आवरायला काढलं होतं. लंचला सहज म्हणाला, "माझं एक जुनं रुगर आहे. दोनशे डॉलर. हवंय?"

टेक्ससमध्ये एकाच राज्यातल्या दोन माणसांना असा व्यवहार कागदाशिवाय करता येतो. पण आजोबा जुन्या वळणाचा. म्हणाला, दुकानातूनच करू. मग फॉर्म 4473 भरला, ग्रीन कार्ड दाखवलं, दुकानदारानं चौकशीचा फोन लावला आणि दहा मिनिटांत 'प्रोसीड'. मला ड्रायव्हिंग लायसन्सला याच्यापेक्षा जास्त वेळ लागला होता! भारतात लायसन्ससाठी पोलीस स्टेशनच्या खेपा घालणारी माणसं पाहिलेली, त्यामुळे पिशवी हातात घेऊन पार्किंगमध्ये थोडा वेळ नुसताच उभा राहिलो.

घरी बायकोनं एकच प्रश्न विचारला, "कशाला?"

याचं धड उत्तर मला तेव्हाही देता आलं नाही.

असो. तर हे रुगर मार्क टू. याची गोष्ट मजेदार आहे. 1949 मध्ये कनेक्टिकटमधल्या साउथपोर्टला बिल रुगर आणि अलेक्झांडर स्टर्म या दोघांनी कंपनी काढली. डोकं रुगरचं, पन्नास हजार डॉलर स्टर्मचे. पहिलंच पिस्तूल साडेसदतीस डॉलरला विकलं. दिसायला जर्मन लुगरसारखं, पण आतली कल्पना जपानी. महायुद्धावरून परतलेल्या एका सैनिकाकडून रुगरनं नांबू पिस्तूल विकत घेतलं होतं, आणि गॅरेजमध्ये बसून ते समजून घेतलं होतं. स्वस्त कसं पडलं? तर फ्रेम अख्ख्या पोलादातून कोरत बसण्याऐवजी पत्र्याचे दोन अर्धे भाग दाबून काढले आणि जोडून टाकले. इंजिनियरिंगमधला खरा कस इथं लागतो. महाग चीज कुणीही चांगली बनवतो.

त्याच पिस्तुलाची 1982 ची आवृत्ती म्हणजे मार्क टू. 2004 च्या सुमारास ती बंद होऊन मार्क थ्री आली. म्हणजे माझं व्हर्जन 'सपोर्ट संपलेलं'. पण चालतंय की! मी हापिसात असली सिस्टिम रोज बघतो.

या पिस्तुलाची ख्याती मात्र वेगळीच आहे. उघडायला सोपं, जोडायला महाकठीण. मुठीच्या मागची पट्टी उघडायची, पिन ओढायची, बोल्ट मागून बाहेर. एवढं दोन मिनिटांत होतं. जोडताना मात्र आतला घोडा खाली पडलेला असावा लागतो आणि त्याला लटकणारी एक काडी स्प्रिंगच्या वाटीत नेमकी बसावी लागते. ती काडी आपल्याला नीट दिसत नाही. पिस्तूल योग्य वेळी योग्य कलानं धरलं, तर गुरुत्वाकर्षण तिला जागेवर नेतं. नाही धरलं तर सगळं वरून व्यवस्थित दिसतं, फक्त बोल्ट मागं येत नाही. पहिल्या रविवारी मी साडेतीन तास घेतले. चूक माझीच होती. घोडा वर राहिला होता आणि मी मॅन्युअलचं ते पान 'सोपं आहे' म्हणून उलटलं होतं. शेवटी 2016 मध्ये मार्क फोर आली, एक बटण दाबलं की उघडते. 1949 पासून मोजा, सदुसष्ट वर्षांनी बग क्लोज! आमचा मॅनेजर इतकं थांबत नाही :-)

रेंजवर जाणं हा मात्र खरंच वेगळा अनुभव. तुम्हाला वाटतं तसं सिनेमातलं काही नसतं. कानावर मफ, डोळ्यांवर चष्मा, समोर दहा यार्डांवर कागद. दहा गोळ्यांचं मॅगझिन भरायचं, श्वास सोडायचा, पुढची माशी स्पष्ट, लक्ष्य थोडं पुसट, आणि चाप इतका हळू ओढायचा की गोळी कधी सुटली ते आपल्यालाच कळू नये. गोळी अडीच ग्रॅमची, धक्का जवळपास नाहीच. म्हणजे नेम चुकला तर धक्क्यावर ढकलायची सोय नाही.

.22 ही रिमफायर गोळी. पेट घेणारा मसाला मधोमध नसतो, तळाच्या कडेच्या आत फिरवून भरलेला असतो. कधीकधी एखाद्या ठिकाणी तो नीट पोचत नाही आणि गोळी उडतच नाही. मग नळी समोरच धरून तीस सेकंद थांबायचं, उशिरा उडाली तर? या फुसक्या गोळ्यांनी मला एक गोष्ट शिकवली. चाप ओढला, आवाज झाला नाही, आणि मला स्पष्ट दिसलं की माझ्या हातानं पिस्तूल खाली दाबलं होतं. न झालेल्या स्फोटाला मी आधीच घाबरलो होतो. एरवी आवाजात ते लपून जातं. तेव्हापासून शनिवारचा तो एक तास मला ध्यानासारखा झाला. 'कशाला' चं उत्तर सापडलं असं वाटलं.

मग डिसेंबर 2012 मध्ये न्यूटाउनच्या शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. आणि पुढच्या काही महिन्यांत दुकानांतून .22 च्या गोळ्या गायब झाल्या. आता कायदा कडक होणार या भीतीनं लोक खोकीच्या खोकी उचलत होते. एका शनिवारी सकाळी सहा वाजता मीही रांगेत उभा होतो. माणशी एक खोकं. मिळालं याचा आनंद झाला. गाडीत बसल्यावर लक्षात आलं की हा आनंद कशामुळं झालाय. बायकोला सांगितलं नाही.

2014 मध्ये लेक झाली. मी तिजोरी घेतली, गोळ्या वेगळ्या खोलीत कुलपात ठेवल्या, सगळं नियमाप्रमाणं. मे 2022 मध्ये, ती दुसरीत असताना, इथंच टेक्ससमध्ये युवाल्डीला एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. आम्ही घरात टीव्ही लावला नाही. पण त्यांच्या शाळेत ड्रिल होतच असायचं: दिवे बंद, कोपऱ्यात बसायचं, चकार शब्द काढायचा नाही. रात्री जेवताना तिनं विचारलं, "बाबा, तुझ्याकडे पण आहे ना?"

मी म्हणालो, "हो, पण माझं वेगळं आहे. छोटं आहे."

"मग आम्ही तुझ्यासाठी नाही ना लपत?"

घास घशात अडकणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. बायको काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं असं वाटलं.

विकायचं ठरवलं. शेवटचं साफ करावं म्हणून टेबलावर उघडलं आणि बोल्ट हातात घेऊन बसलो. बायको समोर येऊन बसली. विचारलं, "हे नसलं तर?" म्हटलं, तर ती नुसती नळी आहे. "आणि हे परत बसवायला तुला अजूनही अर्धा तास लागतो?" म्हटलं, हो. तिनं हात पुढं केला, "मग हे माझ्याकडं दे."

तेव्हापासून तो बोल्ट तिच्या बँकेच्या लॉकरमध्ये, मंगळसूत्राशेजारी. रेंजला जायचं तर शुक्रवारी तिला विचारायचं, तिनं आणून द्यायचा, मी काडीशी झटापट करून जोडायचा आणि सोमवारी परत. वर्षातून तीनचारदाच जाणं होतं. ज्या किचकटपणावर मी हसायचो, त्याच्याच भरवशावर आता घरात झोप लागते.

ऑगस्ट 2024 मध्ये पॅरिसला आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हा मी घर डोक्यावर घेतलं. लेक शेजारी होती. म्हणाली, "हीच गोळी ना तुझी?"

"हो. .22."

थोड्या वेळानं म्हणाली, "मला शिकवशील?"

मी बायकोकडं बघितलं. तिनं माझ्याकडं बघितलं. लॉकरची किल्ली तिच्याकडं, पिस्तूल माझ्याकडं, आणि उत्तर अजून दोघांकडंही नाही. घोडामैदान जवळच आहे.