कुठं निघालास?

रविवारी पहाटे मी गाडी पडवीतून ढकलतच बाहेर काढतो. अंगणात किक मारत नाही. रात्रभर गुडघ्यांनी जागवलेल्या आईचा पहाटेच्या गारव्यात कुठं डोळा लागलेला असतो, आणि आत लेक झोपलेली. म्हणून न्यूट्रलमध्ये, हँडल धरून, वाळल्या पानांवर टायर कुरकुरेल तेवढाच आवाज करत वडापर्यंत जायचं. तिथं पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, दोनदा रिकामी किक द्यायची आणि तिसरी जीव लावून.

आवाज झाला की गोठ्यात धार काढत बसलेले काका मान वळवतात आणि विचारतात, “कुठं निघालास?”

आमच्या दिघाशी गावात हा प्रश्न म्हणजे रामरामच. त्यात चौकशी कमी, माया जास्त. पण उत्तर द्यावं लागतं, आणि एरवी ते माझ्याकडे तयार असतं. गाळ्यावर. दळणाला. अंबाडीला, युरिया आणायला. आईला दाखवायला. पत्रिका वाटायला. पंधरा वर्षांच्या वर मी मोटारसायकल चालवतोय आणि या प्रश्नाला उत्तर नव्हतं असा एक दिवस गेला नव्हता. मला वाटायचं, आपल्याला वेळ मिळत नाही. पण वेळ कधीमधी मिळायचा. अडायचं ते उत्तरापाशी. कुणाला सोडायचं नाही, काही आणायचं नाही, नुसती चालवायची म्हणून गाडी काढली, असं सांगायची आमच्याकडे रीत नाही. पेट्रोल जळतं, आणि घरात दहा कामं पडलेली असतात.

मी भिवंडीच्या एका गाळ्यावर सुपरवायझर आहे. बाहेरची माणसं गोदाम म्हणतात, आम्ही गाळा म्हणतो. मुंबईची जकात चुकावी म्हणून व्यापाऱ्यांनी हद्दीबाहेर, इकडच्या गावांत माल ठेवायला सुरुवात केली. २०१७ साली जकात गेली, गाळे मात्र वाढतच राहिले. जिथं भात पिकत होतं तिथं आता निळ्या पत्र्यांच्या रांगा आहेत, आणि त्या पत्र्यांवरच माझं घर चालतं. सकाळी आठला हजेरी. संध्याकाळी शेवटचा ट्रक भरून, चलान फाडून, सील लागेपर्यंत निघता येत नाही. दिवाळीच्या आधीचा महिना तर घरी फक्त झोपायला यायचं. जाताना-येताना वाड्याचा रस्ता. पावसाळ्यात समोरचा खड्डा चुकवायचा की मागचा ट्रक, एवढाच विचार डोक्यात. नजर पुढच्या दहा हातांवर खिळलेली, तोंडाला रुमाल, खांदे आखडलेले. याला मी गाडी चालवणं म्हणत नाही. ही वाहतूक झाली. मालाची होते तशी माणसाची.

रविवारची गाडी वेगळी आहे. ती बाबांची, यामाहा आरएक्स १००. १९८५ च्या आसपास जपानी तंत्राच्या शंभर सीसीच्या गाड्या आपल्याकडे आल्या, तोवर इकडच्या रस्त्यांवर राजदूत, येझदी आणि बुलेटच जास्त. त्यातली ही टू-स्ट्रोक, ९८ सीसीची, अंगानं हलकी आणि उठायला चपळ. १९९६ साली ती बनायची थांबली. मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवण्याच्या धंद्यात बाबांना एक वर्ष बरं गेलं, त्या वर्षी, १९९३ ला, त्यांनी ती घेतली. मला टाकीवर बसवून ते अंबाडीला न्यायचे. त्यांच्या हातांच्या मधोमध बसून मी वाऱ्याला तोंड उघडायचो. ते गेल्यावर गाडी सहा वर्षं पडवीत गोणपाटाखाली राहिली. नोंदणी नव्याने करून घ्यायला मी ठाण्याला आरटीओत गेलो, तेवढीच तिची आठवण.

ती पुन्हा चालू करायला तीन शनिवार लागले. कार्बोरेटर उघडला तर आत पेट्रोलचा डिंक झालेला. आता तर शनिवार रात्रीचा ठरलेला कार्यक्रमच आहे. प्लगपान्याने प्लग सोडवायचा. टोकावर काळी, तेलकट काजळी धरलेली असते. ती आधी फडक्याने पुसायची, मग पॉलिश पेपरच्या घडीने हळूहळू घासायची, खालचा धातू राखाडी होऊन चमकेपर्यंत. मग प्लग केबलला लावून इंजिनाच्या पत्र्याला टेकवायचा आणि हाताने किक दाबायची. बल्ब बंद करून लेक शेजारी उकिडवी बसलेली असते. अंधारात दोन टोकांमध्ये निळी ठिणगी उडते आणि ती म्हणते, “आली!” मग टॉर्च तिच्या हातात आणि पाना माझ्या. गाडीला दिलेला तो अर्धा तास लेकीच्या वाट्यातून काढला, असं मला कधी वाटलं नाही.

अंबाडी नाक्यावर आलं की एक रस्ता भिवंडीला, एक वाड्याला आणि एक वज्रेश्वरीवरून शिरसाडला. मी तिसरा घेतो. थंडीचे दिवस असले तर वीटभट्ट्यांचा धूर शेतांवर आडवा पसरलेला असतो. भात झोडून झालेलं, खाचरांत नुसते खुंट, कुठं बांधाला वाल फुललेला. वळणावर गाडी आपली आपण कलते आणि त्या क्षणी मला आतून कळतं की आपले खांदे सैल झालेत. मी वेगाने जात नाही. चाळीस-पंचेचाळीसवर इंजिनाचा आवाज एकसारखा लागतो, सनईच्या सुरासारखा, आणि त्या सुराखाली आठवड्याचं सगळं बोलणं विरून जातं. सायलेन्सरच्या धुराला जळक्या तेलाचा वास असतो. तो आला की बाबांची खाकी बंडी डोळ्यांपुढे येते.

पुढे मंदाग्नीचा डोंगर दिसतो. वज्रेश्वरीचं देऊळ चिमाजी आप्पांच्या नवसाचं. १७३९ साली वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि त्यांनी ते बांधवलं. अकलोलीला तानसेच्या काठी गरम पाण्याची कुंडं. थंडीत त्यांतून वाफ उठते आणि गंधकाचा वास रस्त्यापर्यंत येतो. १८९२ पासून मुंबईला पाणी देणारं धरण याच नदीवर, वरच्या अंगाला. काठावर गाडी उभी करायची. इंजिन निवताना टिकटिक करत राहतं. ते थांबेपर्यंत बसायचं आणि परत फिरायचं. आठच्या आत घरी. एवढंच माझं फिरणं, दीड-दोन तासांचं.

पण ही सवय मी लावली नाही, बायकोने लावली. गाडी चालू झाल्यावरही पहिले तीन-चार रविवार मी ती नुसती पुसत होतो. मग एका शनिवारी ती म्हणाली, “अहो, उद्या वज्रेश्वरीला जाऊन या. देवीला नारळ द्यायचाय.” पुढच्या शनिवारी पुन्हा नारळ. त्याच्या पुढच्याही. काकांना मी ऐटीत सांगायचो, “देवीला निघालोय.” चौथ्या नारळाला मी विचारलं, नवस तरी कसला बोललीस? भाकरी थापता थापता ती म्हणाली, “नवस कसला. कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी हवं ना तुम्हाला.”

त्या दिवशी गाडीवर मला दुसरं काही सुचलं नाही. माझ्या दोन तासांचा नारळ तिने फोडला होता. तिचे दोन तास कुठं होते? सकाळी साडेचारला उठणारी बाई. तिला कुणी “कुठं निघालीस” असं विचारायची वेळच येत नव्हती, कारण ती निघतच नव्हती. घरी येऊन मी विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “अकलोलीच्या कुंडात पाय सोडून बसायचंय. एकटीला. कुणाचा हात धरून नाही.”

जुनी स्कूटी घेतली. मे महिन्यात, खळ्याच्या मोकळ्या जागेवर तिने ती शिकून घेतली. दोनदा पडली, कोपर सोलवटलं, हळद लावून पुन्हा बसली. आता एक रविवार माझा, एक तिचा. तिच्या रविवारी भाकऱ्या माझ्याकडे. त्या अजून कडेला फाटतात, पण खाल्ल्या जातात. आईचं औषध आणि लेकीची वेणीही माझ्याकडे.

परवाच्या रविवारी वडापाशी स्कूटीचा आवाज झाला आणि काकांनी गोठ्यातून हाक मारली, “सूनबाई कुठं गेली गं सकाळी सकाळी?”

आई ओट्यावर गुडघे चोळत बसली होती. तिनेच उत्तर दिलं, “फिरायला गेली.”

काका “बरं” म्हणाले आणि पुन्हा धारेला लागले.