उलट्या बाजूने उघडणारे बॉनेट

आदिलाबादेस पाहुणा आला की तो कुंटाळ्याच्या धबधब्याची चौकशी करतो. पौष अमावास्येच्या सुमारास आलाच तर केसलापूरच्या नागोबाची जत्रा पाहू इच्छितो. आणि कापसाच्या हंगामात आला तर रस्त्यावर उडणारी सरकी-रुई पाहून नाकाला रुमाल लावतो. ही सर्व स्थळे आम्ही वर्षानुवर्षे मोठ्या हौसेने दाखवीत आलो आहोत. परंतु गावातील जी गॅरेजांची गल्ली आम्ही तीस वर्षे केवळ ओलांडली, तिच्यात पाऊल टाकण्याचा योग वयाच्या ५५ व्या वर्षी आला. कारणही विचित्रच होते. एका मोटारीचे बॉनेट उलट्या बाजूने उघडावयाचे होते.

ही गल्ली म्हणजे आमच्या जिल्ह्याचे संक्षिप्त रूपच होय. पैनगंगेचा पूल ओलांडला की पलीकडे पाटणबोरी, यवतमाळ जिल्हा, अलीकडे आम्ही. १९५६ साली हैदराबाद राज्य विभागले गेले तेव्हा राजुरा आणि किनवट मराठी मुलखात गेले व आम्ही तेलुगू राज्यात राहिलो. २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे आणखी चार तुकडे झाले, तेव्हा निर्मळही वेगळे निघाले. सीमा अशा सरकत राहिल्या तरी गल्लीची भाषा आपली जागची हलली नाही. तेथे पाना मराठीत मागतात, भाव तेलुगूत करतात आणि शिव्या उर्दूत देतात. बिजागरीला तेथे कोणी बिजागरी म्हणत नाही, 'कब्जा' म्हणतात. मराठीची एम. ए. पदवी पदरी असलेल्या मनुष्याने तेथे गप्प बसावे हेच उत्तम.

आता मोटारीविषयी. गावातील एका दिवंगत कापूस व्यापाऱ्याची पांढरी अँबॅसडर त्यांच्या मुलाने आमच्या शाळेस विज्ञान प्रदर्शनासाठी देऊ केली. नोंदणी रद्द झालेली, चाके बसलेली, पण इंजिन शाबूत. १४८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, जे या देशातील दोन-तीन पिढ्यांनी लग्नाच्या वरातीत, कलेक्टरच्या दौऱ्यात आणि दवाखान्याच्या वाटेवर ऐकले आहे. उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ही गाडी निघणे २०१४ साली थांबले. आमच्या नववीच्या मुलांपैकी बहुतेकांनी ती चालताना पाहिलीच नव्हती.

गाडी पाहावयास मिस्त्रीला बोलाविले. हे गृहस्थ आमचेच माजी विद्यार्थी. आम्ही त्यांना मराठी शिकविले असे म्हणण्यापेक्षा वर्गाबाहेर उभे केले असे म्हणणे सत्याला धरून होईल. दहावीच्या वर्षी एकदा, निबंधाची वही कोरी पाहून, "तू गॅरेजातच शोभशील" असे आम्ही चारचौघांत म्हणालो होतो. मुलगा गॅरेजात गेला. आधी हैदराबादेस उस्तादाच्या हाताखाली सात वर्षे, मग आपल्या गल्लीत. वाचकहो, शिक्षकाचे काही शाप खरे ठरतात. मात्र त्यांना शाप का म्हणावे, हे त्या महिन्याभरात आम्हास कळेनासे झाले.

त्यांनी बॉनेट उघडले, आतील काडीवर टेकविले आणि मागे सरून म्हणाले, "सर, हे जमणार नाही. उघडते समोरून, उभं राहते काडीवर. शंभर पोरं येतील. एकाचं कोपर लागलं तं डोक्यावर येते."

"मग काढूनच ठेवू," आम्ही सुचविले.

"काढलं तं गाडी नाही राहत, सांगाडा राहते. पोरांनी उघडून पाह्यलं पाहिजे."

त्यांच्या मनात होती हेराल्ड. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९६१ पासून बनविलेली ही छोटी मोटार जुन्या वाचकांस आठवत असेल. मूळ इंग्लंडातील, १९५९ ची. रेखाटन मिकेलोत्ती या इटालियन कारागिराचे. तिचे बॉनेट मडगार्डांसह, दिव्यांसह, सगळे तोंडच पुढे झुकत असे. झुकले की पुढची चाके आणि इंजिन दोन्ही बाजूंनी मोकळे. मिस्त्रीने टायरवर बसून काम करावे. १९६१ सालीच आलेल्या जग्वारच्या ई-टाइप गाडीचे तोंडही असेच झुके. उस्तादाच्या गॅरेजात अशी एक हेराल्ड आली होती आणि ती उघडताना पाहून आपण जेवायचे विसरलो होतो, असे आमचे विद्यार्थी सांगत होते. एवढे सलग मराठी त्यांच्या तोंडून आम्ही वर्गात कधी ऐकले नव्हते.

पुढे झुकणारे बॉनेट उभ्या रेषेच्या पलीकडे गेले की त्याचे वजनच त्याला इंजिनापासून दूर ओढते. मग पट्ट्याने अडविले की पुरे. मुलांच्या डोक्यावर पडण्याचा प्रश्नच मिटतो. चालत्या गाडीतही कडी निसटली तर समोरचा वारा असे बॉनेट उलट दाबून बसवितो. नेहमीचे मात्र उसळून काचेवर आदळते. म्हणून तर नेहमीच्या गाडीला एक कडी सुटली तरी धरून ठेवणारी दुसरी कडी असते. अर्थात रस्त्यावरच्या गाडीत असले फेरफार करण्यापूर्वी मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाचावे. आमची गाडी शाळेच्या पडवीबाहेर जाणार नव्हती.

सांगणे सोपे, करणे अवघड. हेराल्डचे नाकही बॉनेटबरोबर जाते. अँबॅसडरची जाळी आणि दिवे जागेवरच राहतात. कब्जे पुढे बसवून बॉनेट झुकवू गेले की त्याची पुढची वाकडी कड खाली वळून जाळीत घुसते. मिस्त्रींनी पत्र्याला हात लावण्याआधी खोक्याचा पुठ्ठा मागितला. बॉनेटचा आडवा छेद कापला, टाचणी टोचली आणि मुलांना म्हणाले, "फिरवा." टाचणी कडेच्या मागे असली की पुठ्ठा अडे, कडेच्या पुढे आणि थोडी खाली नेली की सुटे. भूमितीच्या मास्तरांना वर्तुळकंस शिकविण्यासाठी जे वर्षभर साधले नव्हते ते अर्ध्या तासात झाले. त्या टाचणीच्या जागी पोहोचण्यासाठी इंग्रजी एस अक्षरासारखे दोन लोखंडी हात वाकविले आणि जाळीच्या फटींतून बाहेर काढले. मागच्या बाजूस, काचेजवळ, डावी-उजवी अशा दोन कड्या बसविल्या.

एक चूक झाली, ती आमच्या आग्रहाने. बॉनेट आपोआप वर यावे अशी आमची हौस. भंगारातून व्हॅनच्या मागच्या दाराचे दोन गॅसचे शॉकर आणविले. मिस्त्री नको म्हणत होते. बॉनेट मिटलेले असताना शॉकरचा जोर कब्ज्याच्या अगदी जवळून लागतो. तेथे तरफेचा हात आखूड, म्हणून उचलण्यास उपयोग थोडा आणि पत्र्यावर ताण सगळा. दुसऱ्याच दिवशी बॉनेटच्या मधोमध हातभर पोक आले. डेंटरने लाकडी हातोडीने दोन दिवस ठोकून ते बसविले. त्याने पैसे घेतले नाहीत, पण आमच्याकडे पाहिलेही नाही.

रंगासाठी निर्मळला जाऊन आलो. महबूब घाट उतरताना मिस्त्रींना चौमहल्ला राजवाड्यातील पिवळी रोल्स-रॉइस आठवली. सहावे निजाम महबूब अली खान यांनी मागविलेली १९१२ ची ती गाडी येण्याआधीच, १९११ साली, ते वारले. त्या काळच्या गाड्यांचे बॉनेट मधल्या कण्यावर दोन्हीकडे पंखांसारखे उघडे. निर्मळचे कारागीर पोनिकीच्या हलक्या लाकडावर खेळणी करतात आणि चित्रांना ड्यूको, म्हणजे मोटारीचाच रंग, वापरतात, हे आम्ही तेथेच ऐकले. मोटारीचा रंग आधीच त्यांच्या पोपट-मोरांवर बसला होता. आम्ही बॉनेटच्या आतल्या बाजूस वेलबुट्टीची एक किनार काढवून घेतली.

प्रदर्शनाच्या दिवशी मुलांनी पाट्या लावल्या: दट्ट्या, झडप, ठिणगीचा प्लग. दट्ट्या म्हणजे पिस्टन हे मिस्त्रींना आम्ही सांगितले. क्रँक कोणता हे त्यांनी आम्हास दाखविले. मराठी माध्यमाच्या आमच्या वर्गांत आता बाके रिकामी राहतात; त्या दिवशी मात्र तेलुगू माध्यमाची मुलेही पाट्यांवरील अक्षरे लावून वाचीत होती. मिस्त्री फाटकाबाहेर, आपल्या दुचाकीवर बसून होते. आम्ही बाहेर गेलो आणि म्हटले, "आत या. मुलांना तुम्ही सांगा." आम्ही त्यांना 'तुम्ही' म्हटले, हे त्यांच्या लक्षात आले. ते आले. संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज बसला.

सर्व पांगल्यावर त्यांनी पट्टा सोडला, बॉनेट मागे घेतले आणि दोन्ही तळव्यांनी दाबले. डावी कडी वाजली, उजवी वाजली. मग वाकून, एक डोळा मिटून त्यांनी कडेला नजर लावली.

"सर, डावीकडं अजून एक सूत फट आहे," ते म्हणाले आणि कानस आणावयास दुचाकीकडे गेले.