गळ्याखालचा पिवळा ठिपका

भिलाईतल्या मराठी घरांत 'चिमणी' या शब्दाला तीन अर्थ आहेत. कारखान्याचं धुरांडं, लाइट गेल्यावर लावायचा रॉकेलचा दिवा, आणि पाखरू. 1955 साली सोव्हिएत संघाशी करार झाला, 1959 च्या फेब्रुवारीत पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं, आणि पुढच्या वर्षांत विदर्भातून जी कुटुंबं इथं आली त्यांतलं आमचं एक. बाबा गेले. लीजवरचं क्वार्टर राहिलं, त्यात आई आणि मी, आणि मागच्या अंगणात बाबांनी लावलेला शेवगा. शेजारी त्याला मुनगा म्हणतात, आई मुंगना म्हणते, मी अनुवादात शेवगा लिहिते.

दिवाळीच्या सुमारास आई या झाडाला धानाची झालर बांधते. नव्या पिकाच्या लोंब्या गुंफून केलेली झालर छत्तीसगढमध्ये दाराशी टांगतात. लक्ष्मीसाठीही आणि पाखरांसाठीही. 'चिरई चुगनी' हे तिचं एक नाव. चिरई म्हणजे पाखरू. मुलांच्या एका पुस्तकाचा अनुवाद करताना मी 'बर्ड फीडर'साठी मराठी शब्द शोधत दोन दिवस घालवले होते, आणि वस्तू नावासकट घरामागे लटकत होती. झालरीचे दाणे संपले की आई मातीच्या परळात बाजरी आणि तांदळाची कनकी ठेवते, शेजारी पाणी.

यंदा एप्रिलमध्ये त्या परळाशी एक जोडी येऊ लागली. आई दोन दिवस बघत राहिली आणि म्हणाली, "चिमणीच आहे, पण चिमणीसारखी वागत नाही." इतकं नेमकं वर्णन मला नंतर एकाही पुस्तकात मिळालं नाही. घरातली चिमणी थेट परळात उतरते, भांडते, सांडते. ही दोघं आधी फांदीवर बसत, फांदीवरच इकडून तिकडे जात, मग खाली येत. रंग धुळीसारखा. पाठीवर चिमणीच्या असतात तशा गडद रेघा नाहीत. चोच बारीक, टोकदार. एकाच्या खांद्यावर विटकरी डाग आणि पंखावर पांढऱ्या पट्ट्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी झाडू थांबवून एकदाच पाहिलं आणि निकाल दिला, "ये हा बाम्हन चिरई नोहय, दीदी." बाम्हन चिरई म्हणजे घरातली चिमणी. ही ती नव्हे. मग कोण? "डोंगरी के आय," एवढंच.

खरी खूण दाणे टिपताना दिसतच नव्हती, कारण तेव्हा मान खाली. ती दिसली पाणी पिताना. नराने चोच बुडवली, घोट गिळायला मान वर केली, आणि गळ्याखाली हळदीचं बोट लावल्यासारखा पिवळा ठिपका दिसला. क्षणभरच. पुढचे तीन दिवस मी दाण्यांकडे न बघता पाण्याकडे बघत बसले.

पिवळ्या गळ्याची चिमणी म्हटल्यावर पक्ष्यांची थोडीफार पुस्तकं वाचलेल्या कुणालाही सालिम अली आठवतील. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, मुंबईत, शाळकरी वयात त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. गळा पिवळा होता. मामा अमिरुद्दीन तय्यबजींना ती ओळखता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलर्ड यांच्याकडे पाठवलं. मिलर्डनी पक्षी ओळखला, आणि कपाटातले खण उघडून पेंढा भरलेले पक्षी त्या मुलाला दाखवले. 1985 साली आत्मचरित्र आलं ते 'द फॉल ऑफ अ स्पॅरो' या नावानं. त्या नावात हॅम्लेट आहे, हॅम्लेटमागे मत्तयाचं शुभवर्तमान आहे. मराठीत मात्र चिमणी म्हटलं की काऊचं शेणाचं घर आणि चिऊचं मेणाचं घर आधी येतं. मला कुणी ते शीर्षक मराठीत करायला सांगितलं तर मी मुदत मागून घेईन.

मला या गोष्टीत नेहमी खटकतो तो मेलेला पक्षी. त्या काळी ओळख अशीच व्हायची: आधी हातात, मग नाव. आमच्याकडे पक्षी फांदीवर होता आणि नाव लगेच हवं होतं, कारण फांदी कापली जाणार होती.

ती फांदी वाळलेली. थंडीत तांबटाने तिला गोल भोक पाडलेलं, आणि हे जोडपं आता त्यात जाऊ-येऊ लागलं होतं. फांदी शेजारच्या काकांच्या भिंतीवर झुकलेली, खाली त्यांची स्कूटर. मे महिन्यात अंधड सुटतं तेव्हा इथं चांगली हिरवी झाडंही पडतात. काका कारखान्यात रिगिंगला होते, जन्मभर टनांचं वजन दोरांवर झुलवलेला माणूस. ते म्हणाले, "बेटा, गौरैया है। मीटर के डिब्बे में बना लेगी, मैं जूते का डिब्बा टाँग देता हूँ।" घरातल्या चिमणीपुरतं त्यांचं बरोबरच होतं, ती ट्यूबलाइटच्या मागेही संसार थाटते. प्रश्न एवढाच होता की ही तीच आहे का.

पुस्तकात नाव सापडलं: पीतकंठी चिमणी, रानचिमणी. घरटं बहुधा झाडाच्या ढोलीत, उन्हाळ्यात, तीन-चार अंडी. शास्त्रीय नाव जिम्नोरिस झँथोकोलिस. झँथो ग्रीक, कोलिस लॅटिन. 1838 साली ठेवलेलं हे जोडनाव आमच्या घरच्या बोलीइतकंच धेडगुजरी आहे. 'पीतकंठी' सुरेख, पण संस्कृत. मादीला लागू पडतच नाही म्हटलं तरी चालेल, तिचा ठिपका अगदी फिका असतो. माझं मन 'रानचिमणी'कडे आहे, कारण 'डोंगरी के आय'चा तो जवळजवळ सरळ अनुवाद आहे. मारुती चितमपल्लींनी 'काकागार', 'सारंगागार' असे शब्द घडवले ते नवेगाव-नागझिऱ्याच्या रानांत राहून. तीही रानं इथून फार लांब नाहीत. दुर्गहून नागपूरकडे गाडी निघाली की डोंगरगढ, मग गोंदिया. आमच्या बाईंचा शब्द त्याच पट्ट्यातला.

काकांना मी पुस्तक दाखवलं नाही. संध्याकाळी पाच वाजता खुर्ची टाकून पाण्याच्या भांड्यासमोर बसवलं. ऊन मावळेपर्यंत नर दोनदा आला. दुसऱ्यांदा काकांना ठिपका दिसला.

"इसको तो पीलिया हो गया है, भाभीजी," ते आईला म्हणाले. आई हसली नाही. "अंडी आहेत तिची," ती मराठीतच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका शिडी आणि नायलॉनचा दोर घेऊन आले. ढोलीच्या वीतभर वर एक फास, खाली एक, दोर बुंध्याच्या फाट्यातून फिरवून त्यांनी ताणला. मादी आतून बाहेर आली, तारेवर बसली, आणि ते शिडीवरून उतरल्यावर परत आत गेली. स्कूटर त्यांनी स्वतःच पलीकडे नेऊन लावली. मग दोराला हाताने दोन झटके दिले, वर बघितलं आणि म्हणाले, "जून तक। उसके बाद काटूँगा।"