आधी प्रश्न, मग आकडे

टी-टेस्टचं सूत्र मुलांना जड जात नाही. नमुन्याच्या सरासरीतून दाव्याचा आकडा वजा करायचा, प्रमाण त्रुटीने भागायचं, टेबल बघायचं. तासाभरात हात बसतो. माझा जीव अडकतो तो त्याआधीच्या ओळीत, पर्यायी परिकल्पना लिहिताना.

फळ्यावर मी दुधाच्या पिशव्यांचं गणित घेतो. पिशवीवर छापलंय ५०० मिलि. समजा, नऊ पिशव्या मोजल्या, सरासरी आली ४९६, प्रमाण विचलन ६. सहाला नवाच्या वर्गमुळाने भागलं की प्रमाण त्रुटी २, म्हणून टी उणे २. आता टेबलात ८ स्वातंत्र्यमात्रांची ओळ बघा. ५ टक्के पातळीला दोन्ही बाजू तपासायच्या असतील तर सीमा २.३०६, म्हणजे शून्य परिकल्पना टिकते. ‘कमी भरतंय का’ एवढंच विचारायचं असेल तर सीमा १.८६०, आणि ती फेटाळली जाते. पिशव्या त्याच, निकाल उलटा.

‘सर, मग बरोबर उत्तर कुठलं?’ हे हमखास येतं. ते विचारणाऱ्यावर ठरतं. गिऱ्हाईकाला कमी भरल्याची काळजी. मशीन लावणाऱ्याला कमीही नको आणि जास्तही नको. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण ४९६ पाहिल्यावर बाजू निवडली, तर ५ टक्के नुसते कागदावर उरतात. सरासरी ५०४ आली असती तर आपण दुसरी बाजू धरली असती. म्हणजे चुकून फेटाळण्याची शक्यता खरं तर १० टक्के झाली.

हे टेबल ज्याच्या कामातून आलं तो विल्यम गॉसेट डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत नोकरीला होता. तिथे प्रयोगांचे नमुने लहान असायचे आणि मोठ्या नमुन्यांची सूत्रं त्यांना पुरत नसत. (आपल्या गणितात १.९६ ही सीमा धरली असती तर दोन्ही बाजूंच्या चाचणीतही दावा फेटाळला गेला असता.) १९०८ साली त्याने ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लेख छापला. आपलं सूत्र पडताळायला त्याने ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी कार्डांवर घेतली, कार्डं पिसली आणि चार-चारचे ७५० नमुने पाडले. सगळं हाताने. ३,००० जणांची सरासरी आधीच हाताशी होती, म्हणून लहान नमुना किती भरकटतो हे त्याला थेट दिसलं. या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

आणखी एक. परिकल्पना टिकली म्हणजे सिद्ध झाली नव्हे. याच नऊ पिशव्यांवरून सरासरीचं ९५ टक्के विश्वास-अंतराल ४९१.४ ते ५००.६ येतं, त्यात ५०० बसतं तसं ४९२ही बसतं.

प्रश्नपत्रिकेत मात्र आकडे पहिल्याच ओळीत छापलेले असतात. शिक्षकमित्रांना माझी विनंती आहे: वर्गात तरी आधी फक्त प्रश्न सांगा, दोन्ही परिकल्पना आणि पातळी वहीत लिहून घ्या, आणि त्यानंतरच मोजमापं फळ्यावर मांडा.