नकाशावर तारीख हवी

नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातल्या लाँगइयरब्येनहून निघालेली बोट ईसफ्योर्ड या खाडीच्या तोंडाशी उत्तरेला वळली. डाव्या हाताला प्रिन्स कार्ल्स फोरलांड हे लांबट बेट, उजवीकडे स्पिट्सबर्गेनचे काळे सुळके आणि त्यांच्यामधून थेट समुद्रात उतरलेल्या हिमनद्या. अक्षांश ७८ च्या पुढे येऊनही समोरचं पाणी मोकळं होतं. अटलांटिकमधून वर चढणारा उबदार प्रवाह स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याला लागून वाहतो, म्हणून हे शक्य होतं. पूर्वेकडची बेटं ध्रुवाकडून येणाऱ्या गार पाण्याच्या तावडीत असतात. माणसाने इथे जे काही केलं, ते बहुतेक पश्चिमेलाच का, याचं उत्तर या प्रवाहात आहे.

१५९६ मध्ये विलेम बारेंट्स पूर्वेकडचा सागरी मार्ग शोधताना इथे पोहोचला. त्याच्यामागून देवमाशांचे शिकारी आले. किनाऱ्यावर चरबी कढवायच्या भट्ट्या पेटल्या आणि देवमासे संपत आले तशा विझल्या.

कोंग्सफ्योर्डमध्ये शिरलो आणि ब्लोमस्ट्रांड दिसलं. जुन्या नकाशांत ते द्वीपकल्प आहे, कारण एका हिमनदीने त्याला मुख्य भूमीशी जोडून धरलं होतं. ती हिमनदी मागे सरत गेली आणि १९९०च्या दशकात मधून समुद्र वाहू लागला. आता ते बेट आहे. डोंगर घडायला लाखो वर्षं लागतात हे शाळेत शिकलेला मी, माझ्याहून वयाने लहान असलेल्या बेटासमोर उभा होतो. इथल्या प्रत्येक नकाशावर तारीख ठळक छापली पाहिजे, असं मला तेव्हा फार वाटलं.

याच ब्लोमस्ट्रांडवर अर्नेस्ट मॅन्सफील्ड या इंग्रजाने १९११ मध्ये संगमरवराची खाण काढली. बाष्पयंत्रं आणली, घरं बांधली, वस्तीला नाव दिलं नी-लंडन. पण दगड दंवाने आतून भेगाळलेला होता. विकण्याजोगा निघालाच नाही. त्याची गंजलेली यंत्रं अजून तिथेच आहेत. ज्या दंवाने खाण बुडवली, त्याच थंडीने तिचे अवशेष जपले आहेत.

पलीकडच्या काठावर नी-ऑलेसुंड. हे कोळशाचं गाव. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी खाणीत स्फोट होऊन २१ कामगार गेले. त्याचे पडसाद ओस्लोपर्यंत उमटले. पुढच्या वर्षी नॉर्वेचं सरकार पडलं आणि खाण कायमची बंद झाली. गाव मग संशोधकांचं झालं. अंतराळातल्या दूरच्या क्वासारांकडून येणारे क्षीण रेडिओ संकेत इथल्या अँटेना टिपतात, म्हणून फोनचं वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवावं लागतं.

इथेच २००८ पासून ‘हिमाद्री’ हे भारताचं संशोधन केंद्र आहे; त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोहून चालतो. १९२० च्या स्वालबार्ड करारात ब्रिटिश अमलाखालचा भारतही सामील होता, हे मला इथे येण्याची तयारी करताना कळलं आणि केंद्राच्या पाटीकडे पाहताना आठवत राहिलं. २०१४ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी याच फ्योर्डमध्ये सुमारे १९२ मीटर खोलीच्या पाण्यात उपकरणांची साखळी सोडली. पाण्याचं तापमान आणि क्षारता ती नोंदवते. बोटींना वाट देणारं ते अटलांटिकचं उबदार पाणी आता फ्योर्डच्या आत शिरून हिमनद्यांना पायाशी वितळवतं आहे. ते किती येतं, कधी येतं आणि आर्क्टिकच्या या बदलाचा आपल्या मोसमी पावसाशी काय संबंध, याचा शोध त्या नोंदींतून घेतला जातो आहे.