वसईत हिटर कशाला?

गाडीत हिटर असतो म्हटले की आमच्या गासात लोक हसतात. इथे घामाच्या धारा, त्यात हिटर! 1938 साली अमेरिकेतल्या नॅश कंपनीने बाहेरची हवा गाळून, गरम करून गाडीत सोडायची सोय काढली, ती तिकडच्या हिवाळ्यासाठी. आमच्याकडे मात्र हिटर लागतो तो आषाढात.

पप्पांची जुनी व्हॅन पहाटे सोनचाफ्याच्या टोपल्या घेऊन नालासोपारा स्टेशनवर जाते. तिथून लोकलने दादरचा फुलबाजार. बाहेर पाऊस, आत ओली फुले, ओले कपडे आणि दोन माणसांचे श्वास. ही सारी ओल थंड काचेवर जाऊन बसते आणि समोरचे दिसेनासे होते. गरम हवेत ओल जास्त मावते, म्हणून तिचा झोत काचेवर आला की धुके विरते. तो झोत सोडणारा ब्लोअरच यंदा बंद पडला. आई शेजारी बसून फडक्याने काच पुसत राही, पप्पा खिडकीतून मान काढून रस्ता बघत. ते परत येईपर्यंत मला पुस्तकातली एक ओळ वाचवत नसे.

एका गॅरेजवाल्याने बॉनेटही न उघडता निकाल दिला, "स्विच, रेझिस्टर, मोटर, सगळेच गेले." त्याने सांगितलेला आकडा म्हणजे आमच्या दोन आठवड्यांची फुले. माझा मामा रिक्षांचे वायरिंग करतो. तो म्हणाला, "अगं, तिघे एकदम मरायला साथ आली आहे का? एकेकाला विचारू."

फ्यूज ठीक होता. रेझिस्टर जळला तर बहुधा कमी वेग जातात आणि शेवटचा, पूर्ण वेग तेवढा चालतो. कारण पूर्ण वेगाचा करंट रेझिस्टरमधून जातच नाही. आमचा ब्लोअर चारही खुणांवर मुका. म्हणजे रेझिस्टरवरचा संशय कमी. मग मी डॅशबोर्डखाली आडवी झाले, मोटरचा प्लग काढला आणि टेस्ट लॅम्प लावला. स्विच पूर्ण फिरवताच दिवा लख्ख पेटला! करंट दारापर्यंत येत होता. स्विच निर्दोष सुटला. अर्थची तारही तपासली, तीही चांगली. शेवटी मामाने बॅटरीवरून थेट दोन तारा मोटरला दिल्या. हूं की चूं नाही. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टकटक केल्यावर ती दोन फेरे फिरली आणि थांबली. "ब्रश झिजले," मामा म्हणाला.

(घरी आम्ही कादोडी बोलतो, पण ब्रश, प्लग, अर्थ हे शब्द आमच्याकडेही तेच!)

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडून तीन स्क्रू काढले. मोटर पंख्यासकट हातात आली. पंख्याच्या पात्यांत चिंचेचा बारीक पाला आणि चिखल गच्च बसलेला. आमची व्हॅन चिंचेखाली उभी असते. तो पाला पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत जातो, पाणी जायची वाट बुजवतो आणि मग तुंबलेले पाणी मोटरवर उतरते. नुसती मोटर बदलून भागले नसते. पुढच्या पावसाळ्यात नवीही गेली असती. मी जुन्या टूथब्रशने जाळी साफ केली, तांब्याभर पाणी ओतले आणि ते खाली जमिनीवर पडलेले पाहिले.

नवी मोटर बसवताना मामाने एक गोष्ट बजावली : तारा उलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो, आवाज येतो पण वारा मरतुकडा. म्हणून आधी दिशा पाहिली, मग स्क्रू आवळले.

दुसऱ्या पहाटे मीही टोपल्यांमध्ये बसून गेले. काच खालच्या कडेपासून वर वर निवळत गेली. आईचे फडके मांडीवर घडी करून होते. पप्पा काही बोलले नाहीत. निर्मळच्या बाजूने येणारा एक सायकलवाला दिसला तेव्हा त्यांनी लांबूनच हॉर्न दिला.

जुनी मोटर मामाने नेली आहे. नवे ब्रश घालून चालते का पाहतो म्हणाला.