सूर धरणारा
मुंबईत लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात ‘ब्लू फ्रॉग’ ही संगीताची जागा 2007 मध्ये सुरू झाली आणि 2016 मध्ये बंद पडली. भाचा मुंबईत असताना, दिवस मावळायच्या आत जेवून त्याच्यासोबत एकदा गेले होते. वाजवणारे तिघंच: गिटार, बेस, ड्रम. गाणारा कुणी नाही. आपल्या मुरुमच्या लग्नांतला सनई-चौघडा आठवला. एक सनई धून वाजवते, दुसरी नुसता सूर धरते. त्या सूर धरणाऱ्याकडं कोण बघतं? बेसवाल्याचंही तसंच. पण मध्येच तो थांबला आणि गिटार एकदम पोरकी वाटली. “बी.कॉम. होऊन घरातच बसलात?” असं विचारणाऱ्यांना आता सांगते, बसले नाही, सूर धरलाय.